टोपी आधी काढायची

गणित माणसाला घरी आणतं. एखाद्या विद्यालयाच्या दारावर कोरून ठेवावं असं हे वाक्य आहे, आणि ते खरंही आहे. मी ते घडताना पाहिलं आहे. ज्या माणसाच्या बाबतीत ते घडलं, त्याला त्याच गणितानं आधी बरीच वर्षं घराबाहेर ठेवलं होतं, एवढीच त्यात भर घालायला हवी. आणि ज्या शाळेत घडलं, तिच्या दारावर काही कोरता आलं नसतं, कारण चौकट वाळवीनं खाल्ली होती.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वस्तानिया होती. वस्तानिया म्हणजे मिडल स्कूल. मी तिथं जुग्राफिया, म्हणजे भूगोल, शिकवत असे. मुलं घरी मराठी बोलत, काही तेलुगू, काही गोंडी. शाळेत मात्र सगळ्यांना उर्दूतून शिकावं लागे, त्यामुळे कोणा एकावर अन्याय होतो अशी तक्रार करायला जागा नव्हती. मीही दक्खनच्या पठाराचं वर्णन इतक्या नफीस उर्दूत करी की आपण राहतो तेच हे पठार, हे मुलांच्या शेवटपर्यंत लक्षात येत नसे.

रियाजीचे, म्हणजे गणिताचे मास्तर माझ्या शेजारच्या खोलीत राहत. उंच, किडकिडीत, मान थोडी पुढं काढून चालणारे. अंगात बंद गळ्याचा काळा कोट, डोक्यावर काळी टोपी, पायात पैनगंगेकाठच्या चांभारानं केलेल्या करकरणाऱ्या वहाणा. हैदराबादला कॉलेजात वर्षभर राहून आले होते. तिथून पदवी काही आणली नव्हती, पण एक जाडजूड उर्दू गणिताचं पुस्तक आणलं होतं आणि त्यातला एकच धडा त्यांच्या अंगात भिनला होता. त्या धड्याचं नाव माकूस. माकूस म्हणजे उलटा. एखादी क्रिया केली, तर तिच्या उलट जाऊन जिथून निघालो तिथं परत पोचता येतं का, कधी येतं, कधी येत नाही, असा तो सगळा विचार होता. तो पुस्तकात राहिला असता तर कोणाची हरकत नव्हती.

मास्तर शाळेत येताना मारुतीच्या पाराला डावी घालून येत आणि जाताना उजवी घालून जात. यात विशेष काही नाही, परतताना कोणीही तेच करील. पण एकदा येताना ते वाटेत वाण्याशी बोलायला थांबले होते, तर जाताना त्याच जागी तेवढाच वेळ उभे राहिले. वाण्याचं दुकान बंद होतं.

गाठ ते कधी कापत नसत. शाळेच्या घंटेची दोरी गुंतली तेव्हा सदर मुदर्रिसांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, ती कापायला सांगितली. मास्तर म्हणाले, जी गाठ बसली ती सुटलीच पाहिजे, फक्त शेवटचा पीळ आधी सोडायचा. दुपारपर्यंत ते दोरी घेऊन पायरीवर बसले. तोवर शाळेत घंटा झाली नाही आणि माझा तास तेवढ्यामुळे फार लांबला. दोरी मात्र सुटली.

रागाच्या बाबतीतही त्यांचा हाच नियम होता. हेडमास्तरांशी त्यांचं अधूनमधून वाजे. संध्याकाळी मास्तरांना पश्चात्ताप होई आणि ते शब्द मागे घ्यायला हेडमास्तरांच्या घरी जात. पण शब्दही उलट्या क्रमानं मागे घ्यायचे. सकाळी त्यांनी हेडमास्तरांना आधी घाईचे, मग अर्धवट, मग नवाबाचे नोकर म्हटलेलं असे. संध्याकाळी ओसरीवर उभं राहून, हात जोडून, ते आधी नवाबाचे नोकर मागे घेत, मग अर्धवट, मग घाईचे. हेडमास्तरांना सगळं पुन्हा एकदा ऐकावं लागे, तेही बायकोमुलांसमोर. मास्तरांची क्षमायाचना टाळावी म्हणून पुढं पुढं ते भांडणच टाळू लागले.

वर्गात मात्र या माणसाचं ऐकत राहावंसं वाटे. मधल्या भिंतीला खालून कौलांपर्यंत फट होती, त्यामुळे माझ्या जुग्राफियात त्यांची रियाजी नेहमी मिसळलेली असे. उर्दूत व्याख्या सांगून झाली की ते आवाज खाली आणत आणि आमच्याकडच्या वऱ्हाडी वळणाच्या मराठीत शिरत.

"हरेक पोराले बाप एकच," ते म्हणत. "पोराचं नाव घेतलं का बाप सापडते. आता उलटं या. बापाचं नाव घेतलं त पोरगा सापडते का?"

मुलं म्हणत, सापडते.

"कसा सापडन? तुमी दोघं भाऊ हा. बापाचं नाव घेतलं त मी कोनाले उभं करू? तुले का त्याले?"

मुलं विचारात पडत. मग कोणीतरी म्हणे, "मास्तर, माह्या बापाले मी एकलाच हाय."

"मंग तुया रस्ता उलटा चालते. जा खुशाल. पन बाकीच्याइचा नाही चालत. जिथं दोघं एकाच दारात शिरले, तिथून माघारी येनं नाही."

यानंतर कपड्यांचा दाखला येई. धोतर नेसलं, सदरा घातला, कोट चढवला, टोपी ठेवली. आता उलटं करायचं तर आधी काय? सगळा वर्ग एका सुरात ओरडे, टोपी. मग? कोट. ते टोपी काढून टेबलावर ठेवत, कोट काढून खुर्चीवर टाकत. एके वर्षी उत्साहाच्या भरात सदऱ्याच्या गुंड्यांपर्यंत आले होते, तेव्हा हेडमास्तर दारात उभे होते. तेव्हापासून त्यांना या दाखल्याची मनाई झाली. पण वर्ग इतका तयार झाला होता की मास्तरांनी नुसतं "माकूस" म्हटलं की मुलं कुठल्याही यादीचं शेवटचं नाव आधी घेत. हजेरीच्या वेळी एकदा हे झालं आणि बराच घोळ झाला.

मास्तरांचं खरं वेड गणिताचं नव्हतं, बैलाचं होतं.

दर बाजाराला ते बाजारहत्नूरला जात. धान्य, मिरची, कापड यांकडं वळून पाहत नसत. सरळ गुरांच्या बाजारात शिरत आणि बैल पाहत हिंडत. सगळे नाही. बैलवाल्याला विचारत, हा कोणत्या अंगाला चालतो. डाव्या म्हटलं की पुढं जात. उजव्या म्हटलं की थांबत, वाकून कान पाहत, मागचे खूर पाहत, कपाळावर हात ठेवत. मग मान हलवून पुढचा बैल. मास्तरांना ना शेत ना गाडी. गुरांचे दलाल त्यांना ओळखू लागले होते. एकानं मला विचारलं होतं, "तुमचे मास्तर सोयरीक जुळवून राह्यले काय?"

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. परतताना निंबाखाली शिदोरी सोडून बसलो, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यांचं गाव पैनगंगेच्या काठी, सरहद्दीवर. नदीच्या या तीराला निजामाचं राज्य, त्या तीराला वऱ्हाड, इंग्रजांचं. घरी एकच भाऊ, मोठा. शेत कापसा-ज्वारीचं, जोडी एक. डाव्या अंगाला बांड्या, उजव्या अंगाला हरण्या. मास्तर हैदराबादहून पदवीशिवाय परत आले त्या साली एका संध्याकाळी जेवताना मोठा भाऊ एक वाक्य बोलला. ते वाक्य मास्तरांनी मला अनेकदा ऐकवलं, दर वेळी अगदी त्याच आवाजात.

"ज्याचे हात शाईचे, त्याले बैलाचं काय?"

एवढंच. त्यावरून चूल वेगळी झाली. चुलीवरून वाटणी झाली. पंचांनी शेत मोजून दिलं, भांडी मोजून दिली आणि जोडीपाशी येऊन अडले. शेवटी भावाला बांड्या, मास्तरांना हरण्या असा निवाडा झाला. ज्यांना शेती ठाऊक आहे त्यांना हा निवाडा म्हणजे काय ते कळेल. उजव्या अंगाला मुरलेला बैल डाव्या अंगाला जुंपला तर चालत नाही, आणि एकट्या बैलानं नांगर ओढला जात नाही. दोघांच्याही पदरात अर्धी जोडी, म्हणजे काहीच नाही. भाऊ आज ना उद्या येऊन हरण्या मागेल असं मास्तरांना वाटलं. भाऊ आला नाही. मग मास्तरांनी तिरीमिरीत हरण्या एका हेड्याला विकला. हेड्या म्हणजे गुरांचा व्यापारी. तो बैल घेऊन वऱ्हाडात जायला नदीकडं निघाला आणि मास्तर शेताचा वाटा तसाच सोडून गावातून बाहेर पडले. ते थेट आमच्या शाळेत आले.

"आता माकूस करायचा," मास्तर भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले. "वऱ्हाडातली गुरं याच बाजारात येतात. हरण्या घेऊन जाईन. गोठ्यात बांधीन. मंग त्यानं थे वाक्य वापस घेतलं पाह्यजे."

मी विचारलं, त्या हेड्यालाच का विचारत नाही.

"इचारलं ना. कोनता बैल कुठं गेला थे त्याले याद नाही. दहा गावचे बैल त्या एका दारात शिरतात. बैलावरून हेड्या सापडते. हेड्यावरून बैल नाही सापडत."

मी म्हटलं, मग एकदा गावी जाऊन तर या. ते शिदोरी बांधू लागले. त्यांच्या गावचं कोणी माणूस बाजारात दिसलं तर ते मिरचीच्या पोत्यांमागून दुसऱ्या गल्लीत जात, हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं. रिकाम्या हातांनी तोंड कसं दाखवायचं हा त्यांचा प्रश्न होता. तो गणिताचा नव्हता, म्हणून त्यांनी तो गणितात बसवून घेतला होता.

पुढं तपासणी आली.

मोहतमीमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अंमलदार, येणार म्हटल्यावर हेडमास्तरांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. भिंतींना चुना लागला. वाळवीच्या चौकटीवर आंब्याची पानं आली, म्हणजे वाळवीलाही सण झाला. स्वागताची एक लांबलचक नज्म हेडमास्तरांनी स्वतः रचली होती. तिच्यात साहेबांची चंद्राशी, सूर्याशी आणि आणखी एका कसल्यातरी दिव्याशी तुलना होती. मुलांनी ती घोकून पाठ केली. एका मुलाला मी तिचा अर्थ विचारला तर तो म्हणाला, "साहेबाले उजेड पाह्यजे म्हनते."

मास्तरांच्या दृष्टीनं ही तपासणी महत्त्वाची होती. ते अजून तात्पुरते होते. साहेबांचा शेरा चांगला आला तर मुस्तकिल, म्हणजे कायम, व्हायचे. नाही आला तर पुढच्या सालापासून त्यांच्या जागी दुसरा. हेडमास्तरांनी त्यांना बजावून ठेवलं होतं की काहीही शिकवा, पण कपडे काढू नका.

साहेब पोळ्याच्या दोन दिवस आधी आले. चिखलामुळं मोटार अलीकडच्या गावी राहिली आणि ते बैलगाडीतून आले, हातात छत्री, चेहऱ्यावर दाढदुखी. गालाला रुमाल बांधलेला होता, त्यावर फेटा. चंद्रसूर्याची नज्म त्यांनी डोळे मिटून ऐकली. माणूस वाईट नव्हता. माझ्या वर्गात येऊन त्यांनी एक मुलगा उभा केला, त्याच्याकडून गोदावरीचा उगम ऐकला आणि "बस" म्हणून ते भिंतीच्या पलीकडं गेले. मुलांना लिहायला लावून मी फटीपाशी उभा राहिलो. हेडमास्तर आधीपासूनच दारात होते.

साहेबांनी मास्तरांना सांगितलं, तुमच्या आवडीचा धडा घ्या. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

मास्तरांनी माकूस घेतला. व्याख्या झाली, बापलेकांचा दाखला झाला, तोही अदबीनं, उर्दूत. मग क्रमाची पाळी आली. मास्तरांचा हात सवयीनं टोपीकडं गेला. दारातून हेडमास्तर खाकरले. हात खाली आला. मास्तर फळ्याकडं वळले. दुसरा दाखला त्यांच्याजवळ तयार नव्हता, किंवा एकच तयार होता.

"एक शख्स था," ते म्हणाले, आणि फळ्यावर एकाखाली एक लिहू लागले. वाक्य लागलं. चूल वेगळी झाली. वाटणी झाली. बैल विकला. गाव सोडलं.

मग ते मुलांकडं वळले. उर्दू सुटली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. "आता या मानसाले माघारी जायचं हाय," ते म्हणाले. "त पहिले त्यानं बैल..."

खडू उचललेला होता. पण वर्ग त्यांनीच तयार केलेला होता. सगळा वर्ग, पुढच्या रांगेपासून मागच्या भिंतीपर्यंत, एका सुरात म्हणाला, "गाव!"

मास्तर म्हणाले, "नाही. बैल."

मुलांना वाटलं हे आपल्याला फसवून पाहत आहेत, साहेबांसमोर असं करतात. ती आणखी जोरात म्हणाली, "गाव, मास्तर. खालून पहिलं गाव."

मास्तरांनी फळ्याकडं पाहिलं. मी फटीतून त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू पाहू शकत होतो. अवघड उदाहरणाचं उत्तर पाठीमागच्या पानावर सोपं निघालं की मुलांचा चेहरा जसा होतो, तसा तो झाला होता. ते बराच वेळ फळा वाचत राहिले, वरून खाली आणि खालून वर. मग त्यांनी खडू खोक्यात ठेवला, हात झटकले, साहेबांपुढं वाकून म्हणाले, "इजाजत हो," आणि वर्गाबाहेर पडले.

साहेबांना वाटलं हा धड्याचाच भाग आहे. माणूस बाहेर जाऊन माघारी येऊन दाखवणार, अशी त्यांची समजूत झाली. ते गालावर हात ठेवून वाट पाहत बसले. मुलंही बसली. हेडमास्तर दारातून साहेबांकडं आणि साहेब दाराकडं पाहत होते. मी खिडकीतून पाहिलं तर मास्तर पाराला उजवी घालून, वहाणा करकरत, गावाबाहेरच्या वाटेला लागले होते.

त्यांना आणायला मला पाठवण्यात आलं. हेडमास्तरांनी हुकूम दिला, "जैसे गए हैं वैसे वापस लाइए." मास्तर असते तर या वाक्यातली चूक त्यांनी दाखवली असती.

मी त्यांना ओढ्याच्या पलीकडं गाठलं. परत चला म्हटलं. कायम व्हायचं नाही का, असंही विचारलं. ते चालतच राहिले.

"तुमी जुग्राफियावाले," ते म्हणाले. "तुमाले सांगतो. रस्ता बरोबर होता राजेहो. मी भलत्या जागून निघून राह्यलो होतो."

नोकरीचं काय, हे मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, नोकरी त्या यादीत नाही.

मी शाळेत परतलो नाही. काही तत्त्व वगैरे नव्हतं. हेडमास्तरांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि एकटा माघारी गेलो तर मास्तरांऐवजी मी सापडलो असतो. रात्र एका खेड्याच्या चावडीत काढली. दुसऱ्या दिवशी कापसाच्या शेतांमधून चालत, एका गाडीवाल्याच्या कृपेनं थोडं गाडीतून, तिसऱ्या प्रहरी त्यांच्या गावी पोचलो. जसजसं गाव जवळ आलं तसतशी मास्तरांची चाल मंदावत गेली. वेशीपाशी त्यांनी कोट काढला, घडी घातली, पुन्हा घातला. एवढ्या लांब येऊन वेशीवरून परत फिरतात की काय, असं मला वाटलं. त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण ते म्हणाले, "तुमी पुढं चाला." मी पुढं झालो. मग ते मागून आले.

तो पोळ्याच्या आदला दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे पळसाच्या पानांनी, तुपाहळदीनं शेकतात, आणि शेकता शेकता बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं बोलावणं करतात. घर मातीचं, छोटंसं, पुढं अंगण, बाजूला गोठा. अंगणात मास्तरांसारखाच उंच, पण रुंद हाडाचा एक माणूस पाठमोरा उभा होता. समोर डाव्या बाजूला एक बांडा बैल होता. उजव्या बाजूला हरणाच्या रंगाचा.

मास्तर माझ्या मागं थांबले. मी वळून पाहिलं तेव्हा ते कान पाहत होते. मग मागचे खूर. बाजारात पाहत तसेच, पण लांबून.

तो माणूस हरण्याच्या खांद्यावर हात फिरवत म्हणत होता, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." आणि असं म्हणत तो वळला.

बैलांच्या शेपट्या तेवढ्या हलत होत्या. शेवटी मास्तर म्हणाले, आणि इतक्या वर्षांनंतर ते एवढंच म्हणाले, "हा हरण्या हाय."

"हरण्याच हाय," भाऊ म्हणाला.

"हा वऱ्हाडात गेला होता."

"नाही गेला. करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यावर हेड्या अडकला, नदीच्या इकडंच. मले कळलं. मी ज्वारी देऊन सोडवून आनला. तू गेला त्याच हप्त्यात."

म्हणजे बाजारहत्नूरच्या बाजारात मास्तर ज्याचे कान शोधत हिंडत होते, तो बैल सगळी वर्षं इथं उजव्या अंगाला चालत होता. मास्तरांनी विचारलं, सांगितलं काऊन नाही.

"सांगाले तू आला काय?" भाऊ म्हणाला. "आला असता त दिसलाच असता बैल. केवढा मोठा हाय."

गणितात त्याला उत्तर नव्हतं, किंवा तेच गणिताचं उत्तर होतं. भावाच्या हाताला अजून तूप लागलेलं होतं. तो दोन पावलं पुढं आला, काय करावं ते त्याला कळलं नाही, आणि मग त्यानं तो हात मास्तरांच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर ठेवला आणि बैलाला म्हटलं होतं तेच म्हटलं.

"आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

दारातून त्यांची वहिनी बाहेर आली होती. ती म्हणाली, "उद्या काऊन? मानूस हाय तो, बैल नाही. त्याले आजच वाढते."

मास्तर रडले असं मी म्हणणार नाही. त्यांनी टोपी काढली. मग कोट काढला, आणि त्याचा तुपाचा डाग पाहत बराच वेळ उभे राहिले.

जेवायला बसलो तेव्हा मास्तर ताटाला हात लावेनात. मी विचारलं, आता काय. ते माझ्या कानाशी म्हणाले की गाव झालं, बैल झाला, पण आता वाटणी मोडायला हवी आणि मग चूल. इथं चूल आधी होऊन राहिली, क्रम चुकला. पंचांपैकी एक म्हातारा शेजारीच राहत होता. तो चौकशीला आला तेव्हा त्यालाच विचारण्यात आलं. म्हातारा म्हणाला, वाटणी मोडता येते, पण वाटणीच्या वेळी पंचांना जेवण होतं तसंच मोडताना लागेल. वहिनी म्हणाली, उद्या पोळाच हाय, या. म्हातारा म्हणाला, पोळ्याचं वेगळं, वाटणीचं वेगळं. हा मुद्दा अनिर्णित राहिला. मास्तर जेवले.

शेवटची पायरी राहिली होती. ते वाक्य. हात धुऊन झाल्यावर मास्तर ओसरीवर ताठ बसले आणि भावाला म्हणाले की बाकी सगळं ठीक, पण तेवढं एक वापस घे.

भावानं विचारलं, कोणतं.

मास्तरांनी ते वाक्य म्हणून दाखवलं, त्या संध्याकाळच्या आवाजात. भाऊ लक्षपूर्वक ऐकत होता.

"असं म्हनलो मी?" तो म्हणाला. त्यानं ते स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलं. "मस्त म्हनलो."

"वापस घे."

"जे ध्यानात नाही ते वापस कसं घेऊ? तू म्हनत असशीन त म्हनलो असन. मले त त्या दिवशीचं एवढंच याद हाय का तू गोठ्याचं कवाड उघडं टाकलं अन् वासरू सारं दूध पिऊन गेलं."

वहिनीला वेगळंच आठवत होतं. तिच्या मते भांडण मिरचीवरून झालं. यावर नवरा-बायकोत थोडी बोलाचाली झाली. मास्तर ऐकत राहिले. इतकी वर्षं उराशी धरलेलं वाक्य असं बेवारशी पडलेलं पाहून त्यांना वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. पण थोड्या वेळानं ते माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर समाधान होतं, तपासणीच्या दिवशी फळ्यापाशी होतं तसंच.

"पाह्यलं?" ते हळूच म्हणाले. "वासरू, मिरची, वाक्य, सारे एकाच दारात शिरले. त्याच्या इसरन्यात. तिथून माघारी येनं नाही."

आणि त्यांनी ती पायरी सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी पोळ्यात हरण्याचा कासरा मास्तरांच्या हातात होता. कोट नव्हता. तोरणाखाली उभं असताना हरण्यानं एकदा त्यांच्या वहाणेवर पाय दिला, बहुधा ओळख पटल्यामुळं नाही. मास्तर बाजूला सरले नाहीत. भाऊ पलीकडून म्हणाला, "शाईवाल्या, पाय काढ." मास्तर हसले.

आम्ही ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं परत आलो, अर्थातच. चावडीतही मास्तर त्याच कोपऱ्यात झोपले. शाळेत पोचल्यावर हेडमास्तर काही बोलण्याच्या आत मास्तर वर्गात गेले, फळ्यावर अजून तशाच असलेल्या त्या पाच ओळी त्यांनी पाहिल्या, खोक्यातून खडू काढला आणि "त पहिले त्यानं" पाशी तोंडी सोडलेलं वाक्य "गावाले गेलं पाह्यजे" असं खाली लिहून पुरं केलं. मुलांनी ते उतरवून घेतलं.

साहेबांचा शेरा पुढं कधीतरी थंडीत आला. हेडमास्तरांनी तो सगळ्या मास्तरांना एकत्र बसवून, उभं राहून, गळा साफ करून वाचला. नज्मेचा त्यात उल्लेख नव्हता. रियाजीचे मुदर्रिस मुस्तकिल करण्यात येत आहेत, कारण तालुक्यात रियाजी शिकवणारा दुसरा मिळत नाही. वर्ग चांगला तयार आहे, मुलं शिक्षकाची चूकसुद्धा एका आवाजात सांगतात. एकच सूचना होती. तपासणीच्या दिवशी जो धडा घेण्यात आला तो वस्तानियाच्या कोणत्याही इयत्तेच्या अभ्यासक्रमात नाही.